भिंतीवरच्या तारखा

जत, १० नोव्हेंबर १९६४

सरकारी डायरी साहेबांसाठी असते. तिच्यात गाव, घरे, तापाचे रोगी आणि रक्ताच्या काचपट्ट्या किती काढल्या एवढेच लिहायचे. बरेच दिवस मनात होते की एक वही आपल्यापुरती ठेवावी. आज ती घेतली.

इथे बोलायला माणूस नाही असे नाही. दिवसभर मी बोलतच असतो, पण वाक्य एकच. ‘घरात कुणाला ताप?’ हो म्हणाले तर बोट टोचायचे, थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. नाही म्हणाले तर भिंतीवर छापलेल्या तक्त्यात तारीख टाकून सही करायची आणि पुढचे घर गाठायचे. पंधरवड्याने पुन्हा तेच घर आणि तेच वाक्य. देशातून हिवताप जाईपर्यंत हे असेच चालायचे आहे. लोक मला तापवाला म्हणतात. धनाजी हे नाव मला पगारपत्रकावर तेवढे दिसते.

गावातल्या मोठ्या घरच्या एक आजी आहेत. बोट पुढे करतात, मी ते धरतो, टोचतो, आणि लगेच त्या आंघोळीला उठतात. ‘तापात आंघोळ करू नका,’ असे मी दर खेपेला सांगतो. आंघोळ कशासाठी ते मला ठाऊक आहे. आम्ही बौद्ध होऊन आठ वर्षे झाली, ही बातमी मात्र त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही.

आज धनगरवस्ती झाली. शेवटचे घर बिराप्पाचे. तो परवा मेंढरे, तट्टू आणि ते लांडग्याच्या तोंडाचे कुत्रे घेऊन पश्चिमेकडे चरायला निघणार. आता पावसाळ्यालाच परतेल. घरी बायको रंगुबाई, म्हातारी आई हरणाबाई आणि मुलगी. म्हातारीचे अंग मोडून आले होते म्हणून तिचे बोट टोचले. ते बघून मुलगी पुढे आली. मायव्वा नाव. असेल अडीच-तीन वर्षांची. झबले एका खांद्यावरून उतरलेले. डोळे घट्ट मिटून तिने बोट पुढे केले आणि म्हणाली, “मला बी.”

तिला ताप नव्हता. नुसता स्पिरिटचा कापूस बोटावर फिरवला. तिने बोटाचा वास घेतला, आजीला दिला, आईला दिला, मग मलाही दिला. पाचेक मिनिटे वाया गेली.

श्रावणात आमची मुलगी वारली. तीही अडीच वर्षांचीच होती. तापाने गेली. हे एकदा इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

१५ नोव्हेंबर, रविवार

मुक्ताबाई मावशी भाकरी देतात. शेजारच्याच खोलीत राहतात, एकट्या. ताट ठेवताना रोजचा प्रश्न, “बायकू कवा आननार?” मी म्हणतो, खोली लहान आहे. त्या खोलीकडे बघतात, मग माझ्याकडे. “तुमी काय हत्ती पाळलाय व्हय?”

हसलो. मावशी गेल्यावर खोली खरेच मोठी वाटली.

२४ नोव्हेंबर

धनगरवस्ती. बिराप्पाच्या घराचा तक्ता रस्त्याकडच्या भिंतीवर आहे आणि दार पलीकडे, अंगणात. त्याचे ते कुत्रे वाईट. मागे एका तलाठ्याला फाडले होते म्हणतात. उगाच आत जाण्यात अर्थ नव्हता. बाहेरूनच तारीख टाकली, सही केली. ताप असता तर कुणीतरी हाक मारली असतीच.

झोप नीट येत नाही. इथली हवा कोरडी आहे, त्यामुळे असेल.

२९ नोव्हेंबर, रविवार

आज मेहुणा आला होता, कृष्णात. भामाचा धाकटा भाऊ. कराडहून तीन गाड्या बदलून आला आणि स्टँडवरच्या हॉटेलात माझ्यासमोर बसून निम्मा कप चहा बशीत थंड करत राहिला.

“दाजी, आक्का बोलत न्हाई. तुमची आई म्हनती वाड, की वाडती. पानी आन म्हनलं, आनती. पर सोताहून शबुद न्हाई.”

मी म्हटले, “चार दिवस माहेरी न्या. पालट होईल.”

“त्येच सांगाय आलोय. आण्णा म्हनत्यात, जानेवारी सरंपतुर दाजी आलं, तिला संगं घिऊन गेलं, तर त्यांची बायकू. न्हाई आलं तर आमी घिऊन जातो. मग कायमची. परत धाडनार न्हाई.”

आण्णा म्हणजे माझे सासरे. बोलले की बोलले.

“ती काय म्हणते?”

“तिला इचारलं. म्हनली, त्यांस्नी इचारा.”

मी सांगितले की रजा मिळाली तर बघतो. कृष्णात गाडीत चढताना म्हणाला, “दाजी, तुमी तिला मारलं आसतंसा, शिव्या दिल्या आसत्या, तर आमाला कळलं आसतं काय झालंय त्ये. ह्ये काय कळंना.” पोरगा साधा आहे. त्याचा मला राग आला नाही.

मला कुणाचाच राग नाही. जे झाले ते असे. मुलीला बुधवारी ताप आला. मी शनिवारी घरी येणार हे ठरलेले होते. आमच्या गावापासून पाटणचा दवाखाना चार मैलांवर, रस्त्याला बैलगाड्या चालू असतात. भामाने तिला नेले नाही. शुक्रवारी संध्याकाळी मुलगी गेली. शनिवारी मी दारात उतरलो तेव्हा सगळे उरकले होते. माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीत गोळ्या होत्या. त्या तापाला त्या लागू पडल्या असत्या की नाही, कोण जाणे. मी भामाला एकच विचारले, “दवाखान्यात का नेले नाही?” ती म्हणाली, “तुमी शनवारी येनार हुता की.”

मी पुढे काही बोललो नाही. अशा वेळी बाईमाणसाला काय बोलायचे? चौथ्या दिवशी कामावर हजर झालो आणि सगळ्यांत लांबचा हा तालुका मागून घेतला. इथे माणूस हवाच होता.

६ डिसेंबर, रविवार

बाबासाहेबांना जाऊन आज आठ वर्षे झाली. बौद्धवाड्यातल्या समाजमंदिरात सगळे जमलो. फोटोला हार, मेणबत्ती, त्रिशरण. मॅट्रिक झालेला म्हणून मला दोन शब्द बोलायला लावले. मी शिक्षणावर बोललो. चांगले झाले म्हणतात. बायका रडत होत्या, दोघे-तिघे म्हातारेही. मी काही रडलो नाही. जेवणावळीत उपाशी पोटी बसून नुसते वाढलेले बघावे तसे वाटले.

येताना मावशींना विचारले, “तुम्ही बाबासाहेबांना पाहिले होते?”

“न्हाई बाबा. कुटलं?”

“मग इतके रडू येते?”

“त्येंच्यासाटी सुरू करते,” मावशी म्हणाल्या. “मग त्यातच माझा मालक येतो. दोन पोरं गेली, ती येत्यात. वर्साचं येकदाच आसतं, सगळ्यांचं मिळून रडून घ्यायचं. येकटीनं रडाय बसलं की माझं मलाच भ्या वाटतंय.”

आणि मग चालता चालता, “तुमचं कोन हाय, बाबा?”

मी म्हटले, “कुणी नाही.”

८ डिसेंबर

धनगरवस्ती. सगळी घरे झाली. बिराप्पाची भिंतही झाली.

१३ डिसेंबर, रविवार

कपडे धुतले. कंदिलाची काच पुसली. दुपारी आडवा झालो तर डोक्यात विचारांचा गलका. एकाला हाकलले की दुसरा येतो. गणित घातले, सतराचा पाढा म्हटला. पाढा संपला तरी गलका आहेच.

मग गंमत म्हणून एक युक्ती केली. रोज दुसऱ्यांच्या घरी जातो, आज आपल्या वस्तीवर फेरी करावी. प्रत्येक विचार म्हणजे एक घर. दारात उभे राहायचे, ‘ताप आहे का?’ विचारायचे, काय ते ऐकून घ्यायचे, भांडायचे नाही, पुढे जायचे.

पहिले घर साहेबांच्या भीतीचे. किंचित कणकण. दुसरे आईचे. ती थकली आहे, गुडघे दुखतात, तिच्याकडे बघायला हवे. इथे थोडा वेळ थांबलो आणि आश्चर्य म्हणजे बरे वाटले. तिसऱ्या घरी ती आंघोळ करणारी आजी होती. तिथे ताप चांगलाच होता! एवढा राग आपल्यात मुक्कामाला आहे हे मला माहीत नव्हते. मी तर त्यावर विनोद करतो. राग म्हणाला, विनोद तू कर, मी इथेच आहे. बरे, म्हटले.

चौथ्या घराचे दार बंद होते. सरकारी भाषेत ‘घर बंद’ असा शेरा मारतात आणि पुढे जातात. तसाच पुढे गेलो.

एकंदर प्रयोग वाईट नाही. झोप लागली.

२२ डिसेंबर

आज लिहायचेच.

बिराप्पाच्या घराबाहेर भिंतीवर तारीख टाकत होतो. मागून आवाज आला, “तापवालं दादा! आवं थांबा की! पळता कशापाई?” रंगुबाई. डोक्यावर घागर.

मी काहीतरी बोलायचे म्हणून बोललो, “कुत्रे…”

“कुत्रं? कुत्रं दिवाळी झाल्या झाल्या मेंढरामागं गेलं. हितं मांजर बी न्हाई.” ती घागर न उतरवताच बोलत होती. “पोरीला ताप येतोय, दादा. येक दिस आड. हुडहुडी भरती, मग आंग तव्यावानी, मग घाम. दुसऱ्या दिशी खेळती. मागल्या खेपंला तुमची लय वाट बघितली. पान्याला गेले तेवढ्यात तुमी येऊन गेलाईसा. मला वाचता येत न्हाई, पर भितीवर नवी रेघ दिसली. म्हनलं, चुकामूक झाली. आता पंधरा दिसानं येत्याल.”

मी म्हणालो, “दवाखान्यात न्यायचे की!” मोठ्याने म्हणालो. जवळजवळ ओरडलोच.

“कशाला?” तिला खरेच कळले नाही. “तापाचं मानूस आमच्या दारात येतंय की.”

आत गेलो. घोंगडीवर मायव्वा पडली होती. आज तापाचा दिवस. डोळे पिवळट, पोट डावीकडून फुगलेले, पाय काड्या झालेले. मला ओळखून तिने बोट वर केले. या वेळी डोळे मिटले नाहीत.

टोचले. रडली नाही. गोळी चुरून गुळातून दिली, ती तिने थुंकली. दुसरी दिली. तीही थुंकली. तिसरी हरणाबाईने तिचे नाक धरून घातली. थांबलो. तासाभराने घाम सुटला. रंगुबाई म्हणाली, “तुमी आला, बरं झालं.”

मी बाहेर येऊन सायकल धरून उभा राहिलो.

२३ डिसेंबर

काचपट्टी तालुक्याला पोचवली. आज तिचा तापाचा दिवस नव्हता, तरी गेलो. चार घास खाल्ले म्हणतात. हरणाबाईने माझ्या तोंडाकडे बघून विचारले, “यप्पा, तुला काय हुतंय?” तिची बोली निम्मी कानडी, पण एवढे कळले. काही नाही म्हणालो.

२६ डिसेंबर

काचपट्टीत हिवताप निघाला. आता पुरा डोस, रोज. एरवी गोळ्या घरच्यांच्या हातात देऊन जातो. इथे रोज मीच जाणार.

२९ डिसेंबर

ताप दोन पाळ्या आला नाही. आज मायव्वा उंबऱ्यावर बसून कोंबड्यांना दटावत होती.

रंगुबाईला खरे सांगितले. आधी ठरवले नव्हते. तिने ताक आणून दिले आणि मी पेला हातात घेऊन म्हणालो, “चुकामूक झाली नव्हती. मी दोन्ही वेळा आत आलोच नाही. बाहेरच सही केली.”

तिने विचारले, “का?”

“माझी एवढीच होती. श्रावणात गेली. तुमची बघवत नव्हती.”

ती म्हणाली, “माजी पोर गेली आसती म्हंजी?”

मी होकाराची मान हलवली.

“मग तसं सांगायचं,” ती म्हणाली. आवाज चढला होता. “दारात उबं ऱ्हाऊन रडला आस्तासा तरी चाललं आसतं. आत तरी आला आस्तासा! रडनाऱ्या मानसाला आमी हाकलून देतो व्हय? भितीवर रेघ मारून जायाचं म्हंजी काय! मी त्या रेघंवर इस्वास ठिवून बसले.”

पेला तिने माझ्या हातातून काढून घेतला. ताक तसेच होते. तिचे बरोबर होते. मी गोळी दिली आणि निघालो. “उद्या येनार न्हवं?” असे तिने मागून विचारले, तेही रागानेच.

३१ डिसेंबर

साहेबांना सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले, वर घेतले. “स्वतःहून कशाला सांगितलेस? कुणाला कळणार होते?”

मी डायरी त्यांच्यापुढे ठेवली.

“बरे. कारण काय लिहू?”

“खरे ते लिहा.”

“खऱ्याला रकाना नाही,” साहेब म्हणाले. “निष्काळजीपणा लिहितो. एक वाढ थांबेल. नोकरी राहील.” मग म्हणाले, “घरी जाऊन ये तू. रजेचा अर्ज टाक.”

अर्ज टाकला नाही.

३ जानेवारी १९६५, रविवार

आज पुन्हा फेरी काढली. या वेळी बंद घरापासून सुरुवात केली, कारण त्या घराला पुन्हा ‘बंद’ असा शेरा मारायला मी आता धजत नाही.

आत राग होता. भामाचा.

हे लिहायला इतके दिवस लागले. मी तिच्यावर रागावलो आहे. पोर तापलेली, बैलगाड्या रस्त्याला, आणि ही बाई शनिवारची वाट बघत बसते. तिला मारावेसे वाटले होते मला, त्या दिवशी, ती पोटचे पोर गमावून बसलेली असताना. म्हणून मी गप्प बसलो, म्हणून चौथ्या दिवशी निघालो, म्हणून सगळ्यांत लांबचा तालुका. इथे माणूस हवा होता वगैरे खोटे आहे.

मी त्या रागाला जा म्हटले नाही. बस म्हटले. तो बसला आणि मग गंमत अशी की त्याच्या पाठीमागे आणखी एक खोली होती.

घरी गेलो की मी मिरवायचो. आईसमोर, भामासमोर, अख्ख्या वाड्यासमोर. ‘मी तापाचा माणूस. जिल्ह्यातला ताप माझ्या पिशवीला भितो. तुम्हाला कसली काळजी?’ दर खेपेला म्हणायचो. भामा हसायची, पण खरे मानायची. रंगुबाईने एका रेघेवर विश्वास ठेवला. भामाने तर माझ्या तोंडच्या शब्दावर ठेवला. वाट बघणे हा तिचा मूर्खपणा नव्हता. तिला माझ्याबद्दल खात्री होती, एवढेच.

आणि तरीही राग गेला नाही. मला वाटले होते, कारण कळले की जाईल. नाही गेला. आहे. फक्त आता तो कुणाचा आहे आणि कुठे राहतो ते मला माहीत आहे.

सर्वांत आतल्या खोलीत ती होती. यशोधरा. आईचे नाव येसूबाई, म्हणून तिचे यशोधरा ठेवले. आई सगळ्यांना सांगायची, “माजंच नाव हाय, धन्यानं सुदारून घातलं.” भात खाताना पोर माझ्या मांडीला मांडी लावून बसायची आणि पहिला घास मला भरवायची, उष्ट्या हाताने. मी दाढी टोचवली की ओरडायची आणि पुन्हा गाल पुढे करायची.

दोरीवर कपडे वाळत घालताना रडलो. भर दुपारी, अंगणात. मावशी समोर शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी खूप वेळ रडलो. मला वाटले होते त्यात वाहून जाईन. तसे झाले नाही. भूक लागली.

संध्याकाळी ताटात दोनाच्या ऐवजी तीन भाकरी होत्या.

५ जानेवारी

धनगरवस्ती, नेहमीची फेरी. मायव्वाच्या अंगणात शिरताना यशोधरेची आठवण आली. येऊ दिली. आत गेलो, विचारले, “घरात कुणाला ताप?” रंगुबाई म्हणाली, “न्हाई.” मग मीच जरा बसलो. कुणी उठ म्हटले नाही. बाहेर येऊन तारीख टाकली.

१२ जानेवारी

एकटेपणा काही गेलेला नाही. उलट जास्त लागतो आहे. आधी कामाच्या गडबडीत तो मला ऐकू येत नसे. आता ऐकतो. तो भामाचे नाव घेतो.

रजेचा अर्ज टाकला.

२५ जानेवारी, गावी

काल अंधार पडायला पोचलो. आईने तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली. भामाने पाणी दिले, जेवण वाढले. एक शब्द नाही. किती वाळली आहे.

सकाळी ती ओढ्यावर धुणे घेऊन गेली तेव्हा मागून गेलो. आयाबाया होत्या, त्या उगीचच लवकर उरकून निघाल्या. मी दगडावर बसलो. वाटभर जुळवलेले सगळे विसरलो आणि म्हणालो, “मला तुझा राग आला होता.”

ती धुणे आपटत राहिली. “ठावं हाय.”

“डॉक्टरकडे नेले नाहीस म्हणून.”

“ठावं हाय म्हनलं न्हवं?”

“मीच मिरवत होतो, तापाचा माणूस म्हणून. तू खरे मानलेस.”

आता तिचा हात थांबला. माझ्याकडे बघितले नाही. “मला बी तुमचा राग आलाय. तुमी चौथ्या दिशी गेलासा. मी येकटी त्या घरात. आई झोपली की मी पोरीचं अंथरून घालायची. रोज घालायची, आनि रोज काढायची. तुमाला कुटलं ठावं?”

मला ठाऊक नव्हते.

“अजून आहे राग?” मी विचारले.

“हाय.”

“मलाही आहे. थोडा.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितले. मला वाटले आता रडेल, पण ती म्हणाली, “पिळाय धरा,” आणि लुगड्याचे एक टोक माझ्या हातात दिले. दोघांनी मिळून पिळले. ओढ्यावर बायकोचे लुगडे पिळणारा नवरा बघायला पलीकडे दोन म्हातारे थांबले होते. थांबले तर थांबले.

२७ जानेवारी, गावी

आण्णा आणि कृष्णात आले. आण्णांनी भामाला सगळ्यांसमोर विचारले, “काय करायचं ठरीवलंस?”

ती माझ्याकडे वळली. “येते. पर राग हितं ठिवून येनार न्हाई. आत्ताच सांगून ठिवते. येईल तवा येईल, आनि आला की मी बोलनार.”

मी म्हटले, “आण बरोबर. खोली लहान नाही.”

आण्णांना यातले काहीच उमगले नाही. ते म्हणाले, “मग गाडी किती वाजता हाय?”

२९ जानेवारी, जत

काल सकाळी निघालो. कराडपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मिरजेला गाडी बदलली, शेंगदाणे घेतले, तेव्हाही गप्प. मला वाटले, असेच जाणार. भीती वाटली. वाटू दिली.

मिरज मागे पडले आणि ती बोलायला लागली. यशोधरेविषयी. बुधवारपासून. सकाळी कशी होती, काय मागितले, पेज किती प्याली, कुठल्या कुशीवर निजली. गुरुवारी तिने माझे नाव किती वेळा घेतले, आणि ही दर वेळी काय म्हणाली, ‘आता येतील, बाळ, शनवारी येतील.’ मला तीनदा वाटले, पुरे म्हणावे. बाहेर बघावे. शेंगदाण्याची पुडी पुढे करावी. काही केले नाही. ऐकत राहिलो. पुढच्या बाकावरची बाई मागे वळून बघायची आणि पदर डोळ्याला लावायची.

जत आले तेव्हा भामा शुक्रवारच्या दुपारपर्यंत आली होती. उतरलो. मी वळकटी घेतली, तिने पेटी घेतली. खोली दहा मिनिटांच्या वाटेवर, मावशींनी भाकरी करून ठेवलेली असणार. पण ती चालेना. पेटी खाली ठेवून म्हणाली, “अजून संपलं न्हाई.”

मग आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलो. गाडी रिकामी झाली, वळली, गेली. हमालाने येऊन विचारले, “कुटं जायाचं हाय, पावनं?”

“कुठे नाही,” मी म्हणालो. “इथेच आलोय.”

भामाने शुक्रवारची संध्याकाळ सांगायला सुरुवात केली.